दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस बंद का पडली, परत का चालली

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस सुरू होऊन दीड वर्ष होतं न होतं तोच बंद का पडली? नंतर ती रुळावर कशी आली? मुंबईला, निदान नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला, अशी झपाट्याने नेणारी वेगळी गाडी का असू नये? आणि जाता जाता, पुढच्या महिन्यात नवी दिल्ली स्टेशनजवळ मुक्काम करून आई-वडिलांना घेऊन सकाळी सहाचं विमान पकडायचंय, तर ही गाडी घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो, कारण ते बाकीच्या तिन्हींतून आपोआप निघतं.

आधी माझ्याविषयी दोन ओळी. माझी नोकरी रेल्वेत झाली, पी-वेत. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि त्यांची देखभाल. निवृत्तीनंतर काही वर्षं मेट्रोच्या कामांवर सल्लागार होतो. दिल्लीच्या या मार्गावर मी काम केलेलं नाही, प्रवासी म्हणून मात्र बऱ्याचदा गेलोय. त्यामुळे घटना जाहीर नोंदीतल्या आहेत आणि त्यांचा अर्थ मी माझ्या धंद्यातून लावतोय.

हा मार्ग 23 फेब्रुवारी 2011 ला सुरू झाला. खरं तर तो ऑक्टोबर 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी व्हायला हवा होता, ती वेळ हुकली. लांबी 22.7 किलोमीटर, त्यातले 15.7 भुयारात आणि बाकीचे खांबांवर. नवी दिल्ली, शिवाजी स्टेडियम, धौला कुआँ, एरोसिटी, टर्मिनल 3 आणि द्वारका सेक्टर 21 अशी सहाच स्थानकं. (शिवाजी स्टेडियम म्हणजे कॅनॉट प्लेसजवळचं हॉकीचं मैदान. दिल्लीतल्या घोषणेत ते नाव ऐकलं की मराठी माणसाची मान आपोआप वर होते.) गाड्या स्पेनच्या काफ कंपनीच्या, सहा डब्यांच्या. रचना ताशी 135 किलोमीटरची, प्रत्यक्ष धाव तेव्हा 105 च्या आसपास. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही मेट्रोपेक्षा हा आकडा मोठा होता आणि वर्तमानपत्रांनी तोच उचलून धरला.

करार मात्र कुणी फारसा वाचला नाही. 2008 मध्ये झालेल्या त्या करारानुसार बोगदे, खांब, गर्डर हे सगळं स्थापत्य दिल्ली मेट्रो म्हणजे डीएमआरसी बांधणार. रूळ, सिग्नल, वीज, गाड्या या गोष्टी रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि काफ यांची मिळून झालेली कंपनी आणणार आणि 30 वर्षं सेवा चालवणार. कागदावर हे नीट दिसतं. पण आमच्या धंद्यात रूळ एकाचा आणि रुळाखालचं सगळं दुसऱ्याचं, ही वाटणी म्हणजे भांडणाला आगाऊ दिलेलं आमंत्रण. रुळाची पातळी बिघडली की रूळवाला म्हणतो खालचं हललं, खालचा म्हणतो वरचं नीट बसवलं नव्हतं. दोघांकडे मापं असतात आणि दोघांचीही खरी असतात.

झालंही तसंच. जुलै 2012 मध्ये सेवा थांबवावी लागली. कारण होतं उन्नत भागातले गर्डर, म्हणजे खांबांवर टेकणाऱ्या आडव्या तुळया, आणि त्या ज्यांवर टेकतात ती बेअरिंगं.

बेअरिंग म्हटलं की लोकांना पंख्यातली स्टीलची गोळी आठवते. पुलाचं बेअरिंग वेगळं. खांबाच्या माथ्यावर छोटे काँक्रीटचे ओटे असतात, त्यांना पेडेस्टल म्हणतात. त्यावर बेअरिंग आणि बेअरिंगवर गर्डर. उन्हाने गर्डर लांबतो, गाडी आली की वाकतो, ब्रेक लागला की पुढे ढकलला जातो. ही सगळी हालचाल सोसून घ्यायची आणि वजन मात्र सरळ खांबात उतरवायचं, हे बेअरिंगचं काम. त्याच्या वरखाली जो मसाला भरतात, ग्राउट म्हणतात त्याला, तो कच्चा राहिला किंवा चुरला तर गर्डरचा एक कोपरा टेकत नाही. घरातला चौरंग एका पायाने आखूड असला की कसा डुगडुगतो, तसा काही शे टनांचा गर्डर डुगडुगतो. डोळ्यांना काही दिसत नाही, फरक मिलिमीटरमध्ये असतो. पण प्रत्येक गाडीबरोबर तो कोपरा आपटतो, गर्डरला पीळ बसतो, हळूहळू काँक्रीटला तडे जातात, आणि वर रुळाच्या दोन पट्ट्यांची पातळी एकमेकींशी जुळेनाशी होते. आम्ही त्याला ट्विस्ट म्हणतो. रुळावरून गाडी घसरण्याच्या कारणांत त्याचा क्रमांक फार वरचा.

खडीचा मार्ग असता तर गँगने ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थोडा वेळ थांबवून, पॅकिंग केलं असतं, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून पातळी साधली असती, कॉशन म्हणजे वेगमर्यादा लावली असती आणि गाडी चालू ठेवली असती. माझी निम्मी नोकरी त्यातच गेली. मेट्रोत खडी नसते, रूळ थेट काँक्रीटच्या पाटावर आवळलेले असतात. तिथे रुळाखाली पट्ट्या सरकवून काही मिलिमीटर वरखाली करता येतं, त्यापलीकडे नाही. बेअरिंगच बसकं असेल तर जॅक लावून गर्डर उचलायचा, खालचा मसाला खरवडून नवा भरायचा, तो पिकेपर्यंत थांबायचं, आणि मग पुढचा खांब. खालच्या रस्त्यावरून जाणारे वाहनचालक म्हणत असतील, एवढे महिने काय करतात हे लोक? हेच करत असतात.

22 जानेवारी 2013 ला गाडी पुन्हा सुरू झाली, ती ताशी 50 किलोमीटरने. ते योग्यच होतं. दुरुस्त केलेल्या मार्गावर वेग एकदम देत नाहीत. आधी हळू चालवायचं, मोजायचं, मग थोडा वाढवायचा. पण 135 च्या जाहिरातीनंतर 50 म्हणजे लोकांना थट्टाच वाटली. त्याआधीच, ऑक्टोबर 2012 मध्ये, दोष वेळेत दूर झाले नाहीत असं म्हणत कंपनीने करार संपवल्याची नोटीस दिली होती. 1 जुलै 2013 पासून गाडी डीएमआरसीने स्वतःच्या हातात घेतली.

पुढचा भाग वकिलांचा आहे, म्हणून घाईने सांगतो. मे 2017 मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने 2,782 कोटींहून अधिक रकमेचा निवाडा दिला, वर व्याज. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी 2019 मध्ये तो फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये परत कायम केला, आणि 10 एप्रिल 2024 ला त्याच न्यायालयाने दुरुस्ती याचिकेत, म्हणजे अगदी शेवटच्या दारात, तो रद्द केला. त्या तीन जणांच्या पीठात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि भूषण गवई ही दोन मराठी नावं होती. मला त्या निकालात रस वाटला तो एका मुद्द्यामुळे. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी मार्ग चालवण्यायोग्य असल्याचं जे प्रमाणपत्र दिलं होतं, ते महत्त्वाचा पुरावा असूनही लवादाने विचारात घेतलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आयुक्तांची सही म्हणजे काय असते हे ज्याने ती मिळवायला रात्री जागवल्या आहेत त्यालाच कळतं. पण समोरच्या बाजूचं म्हणणंही अगदी टाकाऊ नव्हतं: ताशी 50 ची परवानगी म्हणजे दोष गेला असं होतं का? अभियंता म्हणून मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकेन.

आता दुसरा प्रश्न, गाडी चालायला कशी लागली. इथे बेअरिंगचा संबंध कमी आणि खिशाचा जास्त.

बंद पडण्याआधीही ही गाडी रिकामीच धावायची. तिकीट शंभर रुपयांच्या पुढे गेलेलं होतं. एकटा माणूस कंपनीच्या खर्चाने जात असेल तर त्याला चालतं. पण टॅक्सीचं भाडं गाडीला असतं आणि रेल्वेचं माणशी. चौघांचं कुटुंब निघालं की टॅक्सीचं भाडं चौघांत वाटलं जातं आणि रेल्वेचं चारने गुणलं जातं. शिवाय टॅक्सी घराच्या दारातून निघते. हे गणित इतकं साधं आहे की भाजीवालीही करेल, पण मोठ्या अहवालांतून ते हमखास सुटतं. मी स्वतः एका शहराच्या विमानतळ जोडणीच्या अहवालावर बसलो होतो. त्यात विमानाने येणाऱ्या माणसांची संख्या घेतली, तिला एका टक्केवारीने गुणलं आणि झाले प्रवासी तयार! किती जण एकत्र निघतात, किती जणांना घ्यायला घरचे येतात, हा रकानाच नव्हता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "ते पुढच्या टप्प्यात बघू."

डीएमआरसीने हातात घेतल्यावर 2014 आणि 2015 मध्ये भाडं दोनदा उतरवलं, कमाल 60 रुपयांवर आणलं. (2025 च्या दरवाढीत त्यात थोडेच रुपये चढले.) भाडं उतरलं तसे प्रवासी वाढले, आणि कोण वाढले ते बघा. फक्त बॅगवाले नाहीत. द्वारकेत राहून कॅनॉट प्लेसला नोकरी करणारे, एरोसिटीच्या हॉटेलांत कामाला असणारे, विमानतळावर सामान चढवणारे, सुरक्षेत आणि सफाईत असणारे. विमानाचा प्रवासी वर्षातून चार वेळा येईल, विमानतळावरचा कामगार रोज दोनदा येतो. गाडीचा घरखर्च हा दुसरा माणूस चालवतो. त्याला 'प्रीमियम' सेवा नको असते, त्याला परवडणारा पास हवा असतो.

टोरोंटोत हुबेहूब हेच झालं. तिथली युनियन स्टेशन ते पिअर्सन विमानतळ गाडी जून 2015 मध्ये सुरू झाली, 25 मिनिटांत पोहोचवणारी, तिकीट 27.50 डॉलर. डबे रिकामे. मार्च 2016 मध्ये तिकीट 12 डॉलरवर आणलं, कार्ड असेल तर 9. गर्दी झाली. रूळ तेच, गाडी तीच, 25 मिनिटंही तीच.

मग वेगाचं काय? दिल्लीने 2023 मध्ये मार्चपासून पायरी-पायरीने वेग 90 वरून 100, मग 110 आणि सप्टेंबरात 120 केला. त्याच 17 सप्टेंबरला मार्ग यशोभूमी द्वारका सेक्टर 25 पर्यंत वाढला. तडे गेलेल्या मार्गावर दहा वर्षांनी 120 देणं ही पी-वेवाल्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट, मी मनापासून टाळी वाजवली. पण प्रवाशाला काय मिळालं? नवी दिल्ली ते टर्मिनल 3 हे अंतर अठरा-एकोणीस किलोमीटर, मधे तीन थांबे. पूर्वी 19 मिनिटं लागायची, आता 16 च्या आत. म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं.

आता हीच मिनिटं दुसरीकडे शोधू. गाडी गर्दीच्या वेळी दर 10 मिनिटांनी, एरवी 15 मिनिटांनी. वेळापत्रक न बघता गेलात तर सरासरी थांबणं त्याच्या निम्मं, म्हणजे 5 ते साडेसात मिनिटं. यलो लाइनवरून नवी दिल्लीला उतरून एअरपोर्ट लाइनच्या प्लॅटफॉर्मवर जायचं तर लांबलचक चालणं, सरकते जिने, सुरक्षा तपासणी, बॅगा यंत्रात टाकणं. यातली कुठलीही एक गोष्ट सुधारली तरी तीन मिनिटं मिळतात, आणि त्यासाठी रुळाला हातही लावावा लागत नाही. धौला कुआँला पिंक लाइनच्या साउथ कॅम्पस स्थानकाशी जोडणारा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा पादचारी पूल 2019 मध्ये उघडला, सरकत्या पट्ट्यांसकट. वेगवाढीची जेवढी बातमी झाली तेवढी त्याची झाली नाही. माझ्या मते प्रवाशाला त्याचा फायदा जास्त झाला.

वेगाच्या नादाची परिसीमा बघायची तर शांघायला. तिथली चुंबकीय गाडी 30 किलोमीटर साडेसात-आठ मिनिटांत तोडायची, कमाल वेग ताशी 431! फक्त ती शहराच्या मध्यात जातच नाही. लाँगयांग रोडला सोडते आणि तिथून पुढे बॅगा घेऊन मेट्रोत चढा. 2021 पासून तिचा वेग 300 वर आणला, आणि त्यामुळे कुणाचं विमान चुकू लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

याउलट हाँगकाँग. तिथली एअरपोर्ट एक्स्प्रेस 1998 मध्ये विमानतळाबरोबरच उघडली. शहरातून 24 मिनिटं, वेग काही अचाट नाही. पण विमानतळाच्या स्थानकात शहराकडून येणारी गाडी प्रस्थानाच्या मजल्याला लागते आणि शहराकडे जाणारी आगमनाच्या मजल्यावरून सुटते. डब्यातून उतरलात की ट्रॉली समोर, आणि सपाट चालत काउंटरपर्यंत. जिना नाही, लिफ्टची रांग नाही. ज्याने हा नकाशा काढला त्याने स्वतः कधीतरी म्हाताऱ्या आईला आणि तीन बॅगांना घेऊन प्रवास केला असणार, असं मला तिथे दर वेळी वाटतं. शहरातच बॅग देऊन मोकळं होण्याची सोयही त्यांनी पहिल्यापासून ठेवली. दिल्लीतही नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियमला ठरावीक विमान कंपन्यांचं सामान घेतात आणि ते गाडीतून विमानतळावर जातं. फार लोकांना हे माहीतच नसतं.

तिसरा प्रश्न मुंबईचा. मेट्रो 3 ला टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 दोन्हीकडे स्थानकं आहेत, ऑक्टोबर 2025 पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय. लोक विचारतात, याच रुळांवर एक न थांबणारी गाडी का सोडत नाहीत? कारण जाण्याचा एक रूळ आणि येण्याचा एक, एवढंच बोगद्यात आहे. एका थांब्याला ब्रेक, उभं राहणं आणि परत वेग घेणं धरून मिनिटभर जातं. समजा गाड्या पाच मिनिटांच्या अंतराने सुटतात. पाच स्थानकं न थांबता ओलांडली की जलद गाडी पुढच्या गाडीच्या शेपटाला टेकली. ओलांडून जायला लूप, म्हणजे गाडी बाजूला घेण्याचा जादा रूळ, नाही, आणि भुयारात नंतर लूप खोदणं म्हणजे नवीन स्थानक बांधण्याइतकं काम. हाँगकाँगची एअरपोर्ट एक्स्प्रेस आणि तुंग चुंग लाइन बराचसा रूळ वाटून घेतात, पण त्यांनी ती सोय पहिल्या दिवसापासून आखली होती. आपल्या चर्चगेट-विरारला फास्ट-स्लो चालतं ते चार रुळांमुळे.

आणि खरं सांगू, मला त्याची खंतही नाही. लंडनमध्ये पॅडिंग्टन ते हीथ्रो 15 मिनिटांत नेणारी एक्स्प्रेस 1998 पासून आहे, ऐन वेळी घेतलेलं तिकीट महागडं. 2022 मध्ये एलिझाबेथ लाइन आली. तिला पॅडिंग्टनहून अर्धा तास लागतो, पण ती पॅडिंग्टनला सोडून देत नाही, थेट लिव्हरपूल स्ट्रीट आणि कॅनरी वार्फपर्यंत नेते, स्वस्तात. ज्याचं हॉटेल नेमकं पॅडिंग्टनला आहे त्याच्यासाठी एक्स्प्रेस ठीक. लंडनला गेलेले माझे नातेवाईक मात्र एलिझाबेथमध्येच बसलेले असतात.

नवी मुंबईला मी म्हणूनच वेगळी, चकचकीत, महागडी गाडी मागणार नाही. मुंबईचं टर्मिनल 2 आणि नवी मुंबई विमानतळ जोडणाऱ्या मेट्रो 8 चा प्रस्ताव आहे, ती यायची तेव्हा येईल. तोवर नेरुळ-उरण मार्गावरच्या तरघरहून टर्मिनलच्या दारापर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी बस, मोठ्या बॅगा चढतील अशी, आणि उरण लोकलच्या फेऱ्यांत वाढ, एवढं मागा. शेवटचे दोन-चार किलोमीटर सोडून दिले की काय होतं ते नागपूरकरांना विचारा: 'एअरपोर्ट' नावाचं मेट्रो स्थानक आहे, पण ते टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. पुणेकर तर रामवाडीला उतरून लोहगावची बस किंवा रिक्षा शोधतात.

आता तुमचं सहाचं विमान. आधी तिकिटावर टर्मिनल बघा. ही गाडी टर्मिनल 3 ला जाते, तिथून टर्मिनल 2 चालत गाठता येतं. टर्मिनल 1 या मार्गावर नाहीच, त्याचं स्थानक मॅजेंटा लाइनवर आहे आणि देशांतर्गत बरीच विमानं तिथूनच सुटतात. टर्मिनल 3 असलं तरी पहिली गाडी पहाटे पावणेपाचच्या सुमारास. ती पकडलीत तर वर काउंटरपाशी पोहोचेपर्यंत सव्वापाच होतील, आणि काही विमान कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. म्हणजे जाताना टॅक्सीच घ्या, रात्रीच सांगून ठेवा, साडेतीनला निघा. दिल्लीत उतराल तेव्हा दिवसाची वेळ असेल तर मात्र टर्मिनल 3 वरून ही गाडी जरूर घ्या आणि आई-वडिलांना खिडकीची जागा द्या. एरोसिटी सोडल्यावर गाडी भुयारातून वर येते आणि धौला कुआँपर्यंत खांबांवरून धावते. त्या भागात पायाखाली लक्ष ठेवा, डबा डुगडुगतो का बघा. मी दर वेळी बघतो, अजून तरी डुगडुगलेला नाही.